पाटी पुसण्याचे काम कोणाचे?

संगणकशास्त्रातील काही प्रश्न वरकरणी इतके तांत्रिक दिसतात की, त्यांची चर्चा त्या क्षेत्रातील जाणकारांवर सोपवून इतरांनी स्वस्थ बसावे असे वाटणे स्वाभाविक आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, मेमरीचे बफर वापरण्यापूर्वी कोरे न केल्यामुळे उद्भवणारे दोष हा अशांपैकीच एक प्रश्न. तथापि या दोषांचा इतिहास, ते दुरुस्त करण्याच्या पद्धती आणि त्या दुरुस्तीचा खर्च यांचा बारकाईने विचार केला तर असे आढळते की, या प्रश्नाचे अर्धे अंग तांत्रिक असले तरी उरलेले अर्धे अंग अर्थशास्त्राचे आणि राजकारणाचे आहे. सामायिक वस्तूची निगा कोणी राखायची, तिचा खर्च कोणी सोसायचा, आणि निगा राखली गेली नाही तर झळ कोणाला बसते, हे ते जुनेच प्रश्न होत. ते केवळ नव्या वेषात पुढे आले आहेत.

अठरा बाइटांचे उत्तर

ऑक्टोबर २०२० मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या ब्लूटूथ विभागातील काही दोष जाहीर झाले. गूगल कंपनीतील सुरक्षा-संशोधक अँडी न्गुयेन यांनी ते शोधून काढले होते, आणि 'ब्लीडिंगटूथ' या सामुदायिक नावाने ते ओळखले गेले. त्यांतील 'बॅडचॉइस' नावाच्या दोषाचे स्वरूप अगदी साधे होते. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला क्रमांक देऊन काही माहिती विचारावी आणि दुसऱ्याने अठरा बाइटांचे उत्तर पाठवावे, अशी ती व्यवस्था. विचारलेला क्रमांक अस्तित्वात नसला तर उत्तरातील फक्त दोन बाइट भरले जात. एकात तो क्रमांक, दुसऱ्यात 'असा क्रमांक नाही' हे सांगणारी खूण. उरलेल्या सोळा बाइटांना कोणी हात लावत नसे. उत्तर मात्र अठराच्या अठरा बाइटांचे रवाना होई.

त्या सोळा बाइटांत काय असे? त्या जागेत कर्नेलने यापूर्वी जे काही लिहून ठेवले असेल, ते. कागदाची टंचाई असलेल्या एखाद्या कचेरीतील कारकुनाने मागच्या अर्जदाराचाच पेन्सिलीने भरलेला नमुना पुढे ओढावा, त्यातील दोन रकाने खोडून नव्याने भरावेत, आणि बाकीचे सोळा रकाने न पुसता तो कागद खिडकीबाहेरच्या नव्या माणसाच्या हाती द्यावा, असा हा प्रकार. नवा माणूस सज्जन असेल तर त्या रकान्यांकडे पाहणारही नाही. परंतु मुद्दाम चुकीचे प्रश्न विचारून पुन्हा पुन्हा नमुने गोळा करणारा माणूस खिडकीशी उभा राहिला, तर कचेरीच्या आतील व्यवहार त्याला घरबसल्या वाचता येतो.

कर्नेलच्या बाबतीत हा आतील व्यवहार विशेष नाजूक असतो. यंत्रातील प्रत्येक कार्यक्रमाला मेमरी वाटून देणे, एका कार्यक्रमाला दुसऱ्याच्या हद्दीत शिरू न देणे, सांकेतिक किल्ल्या सांभाळणे, ही सारी कामे कर्नेलकडे असतात. हल्लेखोराला सहजासहजी ठावठिकाणा लागू नये म्हणून आधुनिक कर्नेल स्वतःच्या अंतर्भागाचे पत्ते दर वेळी बदलून ठेवते. न पुसलेल्या बाइटांतून नेमके हेच पत्ते बाहेर जातात. 'बॅडचॉइस'मधून मिळालेले पत्ते आणि त्याच मालिकेतील 'बॅडकर्मा' हा दुसरा दोष यांची सांगड घालून, ब्लूटूथच्या टप्प्यात असलेल्या परक्या यंत्राचा ताबा त्याच्या मालकाने एकाही कळीला हात न लावता घेता येतो, हे न्गुयेन यांनी दाखवून दिले. 'बॅडचॉइस'चा दोष कर्नेलमध्ये शिरला होता २०१२ मध्ये. म्हणजे आठ वर्षे तो तेथे निवांत बसून होता. आणि त्यावरची दुरुस्ती? उत्तर लिहिण्यापूर्वी ती जागा शून्याने भरून घेणे. एवढ्या मोठ्या संकटावर इतका क्षुल्लक उपाय पुरेसा पडावा, यातच खरा विचार करण्याजोगा मुद्दा दडलेला आहे.

दोष व्यक्तीचा की रीतीचा?

असे दोष उघड झाले की पहिली प्रतिक्रिया असते ती प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणाला बोल लावण्याची. कारखान्यात अपघात झाला की कामगाराच्या हलगर्जीपणाचा अहवाल तयार होतो, त्याच जातीची ही प्रतिक्रिया आहे. वस्तुस्थिती अशी की, अत्यंत दक्ष माणसाच्या हातूनही हा दोष घडतो. एक बाइटाचा एक रकाना आणि त्यापाठोपाठ चार बाइटांचा दुसरा रकाना अशी रचना केली, तर चार बाइटांचा रकाना सोयीच्या पत्त्यावर यावा म्हणून अनुवादक प्रोग्राम, म्हणजे कंपायलर, दोहोंच्या मध्ये तीन बाइटांची पोकळी आपण होऊन सोडतो. लिहिणाऱ्याने दोन्ही रकाने काटेकोरपणे भरलेले असतात. पोकळी मात्र त्याच्या मजकुरात कोठेही दिसत नाही. तो ती पाहू शकत नाही, म्हणून पुसतही नाही. आणि आठ बाइटांची रचना बाहेर पाठवली गेली की तीन बाइटांची जुनी माहिती तिच्यासोबत निघून जाते.

ही रीत आली कोठून? लिनक्सचे कर्नेल प्रामुख्याने सी या भाषेत लिहिलेले आहे. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी ही भाषा घडवली, आणि १९७३ मध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम तिच्यात नव्याने लिहिली गेली. ज्या पीडीपी-११ यंत्रावर हे काम झाले, त्यावर एका कार्यक्रमाला एका वेळी ६४ किलोबाइटांपलीकडील पत्ता देता येत नसे. यंत्राचा प्रत्येक क्षण आणि मेमरीचा प्रत्येक कण मोलाचा होता. ज्या जागेत थोड्याच वेळात काहीतरी लिहिले जाणार आहे, ती आधी शून्याने भरणे ही त्या काळी उधळपट्टी वाटली तर नवल नाही. म्हणून भाषेने नियम केला की, कायम राहणारी चलपदे शून्यापासून सुरू होतील. परंतु एखादे काम चालू असेपर्यंतच टिकणाऱ्या तात्पुरत्या चलपदांत आरंभी काय असेल याची हमी राहणार नाही.

टंचाईच्या काळात हा नियम शहाणपणाचा होता. आज चार गिगाबाइट मेमरीचा साधा मोबाइलदेखील त्या ६४ किलोबाइटांच्या ६५,५३६ पट जागा बाळगून असतो. टंचाई गेली, नियम राहिला. समाजातील अनेक रूढींचे असेच होते. ज्या परिस्थितीने त्यांना जन्म दिला ती परिस्थिती पालटते, तरी रूढी स्वतःच्या बळावर पुढे चालत राहते, आणि तिची किंमत मोजणारे लोक ती ठरवणाऱ्यांपेक्षा वेगळे असतात.

दुरुस्तीचे दोन मार्ग

या दोषांच्या निवारणाचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग एकेक दोष हुडकून तो दुरुस्त करण्याचा. दुसरा, पाटी पुसूनच हाती द्यायची असा सरसकट नियम करण्याचा.

पहिल्या मार्गावर बरेच काम झाले आहे. २००९ मध्ये लिनक्समध्ये 'केमेमचेक' नावाचे शोधयंत्र दाखल झाले होते. ते संथ होते आणि पुढे २०१७ मध्ये काढून टाकण्यात आले. २०१७ व २०१८ या वर्षांत मातेउश युर्चिक या संशोधकाने विंडोजचे कर्नेल एका कृत्रिम यंत्रात चालवून, न भरलेले बाइट कोठून बाहेर पडतात याचा माग काढला. तेव्हा एकट्या विंडोजमध्ये असे ७० हून अधिक दोष सापडले. लिनक्समध्ये हे काम आता 'केएमसॅन' करते. अलेक्झांडर पोटापेन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गूगलमध्ये सिद्ध केलेले हे साधन डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीत समाविष्ट झाले. त्याची युक्ती अशी की, मेमरीतील प्रत्येक बिटामागे एक सावली ठेवायची. मूळ जागेत कोणी काही लिहिले की सावलीत तशी नोंद होते. न लिहिलेली जागा कर्नेलबाहेर जाऊ लागली, किंवा तिच्या आधारे एखादा निर्णय घेतला जाऊ लागला, की साधन हाकाटी करते आणि ती जागा प्रथम कोठे दिली गेली होती तेही सांगते. 'सिझकॉलर' नावाचा दुसरा कार्यक्रम कर्नेलला रात्रंदिवस वेडेवाकडे प्रश्न विचारत राहतो, आणि त्यातून असे दोष बाहेर येतात.

परंतु दोष सापडला म्हणजे दुरुस्त झाला असे नव्हे. येथून पुढचे काम माणसाचे आहे. पुष्कळदा दुरुस्ती एका ओळीची असते. जागा मागताना साधी जागा न मागता शून्याने भरलेली जागा मागायची, किंवा वापरण्यापूर्वी ती पुसून घ्यायची. तथापि सर्वच प्रसंगी पुसणे हा योग्य उपाय ठरत नाही. समजा, यूएसबीने जोडलेल्या एखाद्या उपकरणाकडून कर्नेलने सहा बाइट मागवले आणि उपकरणाने दोनच दिले. पुढील प्रोग्राम मात्र सहाही आले असे धरून चालला. येथे शोधयंत्राची तक्रार योग्यच असते. पण बफर आधी शून्याने भरून ती तक्रार बंद करणे म्हणजे ताप उतरवून रोग तसाच ठेवणे होय. खरी दुरुस्ती किती बाइट आले ते मोजण्याची, आणि कमी आले तर काम थांबवण्याची आहे. कोणत्या प्रसंगी पुसायचे आणि कोणत्या प्रसंगी मोजायचे, हे कळायला तो विभाग जाणणारा माणूस लागतो. त्याची दुरुस्ती तपासणारा दुसरा माणूस लागतो. आणि तीच दुरुस्ती लोकांच्या यंत्रांवर वर्षानुवर्षे चालू असलेल्या जुन्या आवृत्त्यांत नेऊन बसवणारा तिसरा लागतो.

दुसरा मार्ग सरसकट नियमाचा. सप्टेंबर २०१९ मधील लिनक्सच्या ५.३ या आवृत्तीत दोन सोयी आल्या. मेमरी देतानाच ती शून्याने भरणे ही एक, आणि परत घेताना पुसून घेणे ही दुसरी. त्यांचा खर्चही प्रामाणिकपणे नोंदवलेला आहे. देताना पुसण्याने बहुतेक कामांचा वेग एक टक्क्याहून कमी घटतो. काही कृत्रिम चाचण्यांत ही घट सात टक्क्यांपर्यंत गेली. परत घेताना पुसण्याचा भार तीन ते पाच टक्के. तात्पुरत्या चलपदांसाठी कंपायलरकरवी आपोआप शून्य भरण्याची सोय 'क्लँग' या कंपायलरमध्ये आधी व २०२२ मध्ये 'जीसीसी'च्या बाराव्या आवृत्तीत आली. कंपायलरमध्ये सोय असेल तेथे ती मुळातच चालू राहावी, असा निर्णय लिनक्सने २०२१ मध्ये घेतला. मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या कर्नेलमध्ये याच दिशेने पाऊल टाकले. २०१७ ते २०१८ च्या मध्यापर्यंत त्या कंपनीने जाहीर केलेल्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ५ ते १० टक्के दोष न भरलेल्या मेमरीचे होते, हे त्या कंपनीचेच निवेदन आहे. 'बॅडचॉइस'मधील अठरा बाइटांची जागा तात्पुरत्या चलपदाचीच होती. आपोआप शून्य भरण्याची रीत आधीपासून सर्वत्र रूढ असती, तर त्या उत्तरातून सोळा शून्यांखेरीज काहीही बाहेर गेले नसते.

आक्षेपांचा विचार

सरसकट नियमाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हेटाळून चालणार नाही. त्यांचा पहिला आक्षेप असा की, शून्य हे तटस्थ मूल्य नाही. युनिक्सच्या परंपरेत शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे सर्वाधिकारी, आणि शून्य हे उत्तर म्हणजे 'काम यशस्वी'. एखादा परवान्याचा रकाना भरायचा राहून गेला आणि तेथे आपोआप शून्य आले, तर राहून गेलेल्या रकान्याचा अर्थ 'सर्व अधिकार मंजूर' असा होऊ शकतो. दुसरा आक्षेप असा की, भाषेने जी हमी दिलेली नाही ती कंपायलर देऊ लागला, तर लिहिणारे तिच्यावर विसंबतील आणि भाषेची वेगळी बोली तयार होईल. क्लँगच्या कर्त्यांना ही भीती इतकी वाटली की, शून्य भरण्याची सोय चालू करण्यासाठी त्यांनी भलेलांब नाव असलेली एक कळ ठेवली. ही सोय पुढे काढून टाकली जाणार आहे हे ठाऊक असून ती चालू करीत आहोत, अशी कबुलीच त्या नावात होती. पुढे ही अट मागे घेण्यात आली. तिसरा आक्षेप वेगाचा.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. परंतु शून्याऐवजी जुना कचरा राहू दिला तर तो कचरा कधी शून्य असेल, कधी हल्लेखोराने मुद्दाम पेरलेला असेल. शून्यामुळे चूक झालीच, तर ती दर वेळी सारखीच होते, आणि म्हणूनच सापडते. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर व्यवहारानेच दिले आहे. शोधयंत्रे चालवताना आपोआप पुसण्याची सोय बंद ठेवतात, आणि लोकांच्या हाती जाणाऱ्या कर्नेलमध्ये ती चालू ठेवता येते. प्रयोगशाळेत दोष उघडा पडावा आणि लोकवस्तीत तो निरुपद्रवी राहावा, या दोन गोष्टींत विरोध नाही. इमारतीचा आराखडा तपासणारा अभियंता असतो, म्हणून कोणी अग्निशामक दल बरखास्त करीत नाही.

वेगाचा आक्षेप मात्र निव्वळ तांत्रिक नाही, आणि त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

एक टक्का कोणाचा?

हजारो यंत्रांची कोठारे चालवणाऱ्या कंपनीला वेगातील एक टक्का म्हणजे प्रत्यक्ष पैसा. तेवढ्या कामासाठी तिला शंभरामागे एक यंत्र अधिक घ्यावे लागते. उलट, पाटी न पुसल्यामुळे होणारे नुकसान त्या कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही. ते पत्रकाराच्या, वकिलाच्या, रुग्णाच्या किंवा किरकोळ दुकानदाराच्या यंत्रातून निसटलेल्या माहितीच्या रूपाने, हजारो ठिकाणी विखरून पडते. धूर ओकणाऱ्या गिरणीचा नफा मालकाच्या वहीत, आणि खोकल्याचा खर्च चाळीतल्या कुटुंबाच्या माथी, हा अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जाणारा धडा येथे जसाच्या तसा लागू पडतो. वाचवलेला क्षण खाजगी आणि वाढलेली जोखीम सार्वजनिक, अशी ही वाटणी आहे.

निगा राखण्याच्या कामाचेही तसेच. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स ही आज साऱ्या जगाची सामायिक मालमत्ता आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वाधिक वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र त्यावर चालत आले आहे. अँड्रॉइड मोबाइलचा गाभाही तोच. त्यावरचे बहुतांश काम आज कंपन्यांचे पगारी अभियंते करतात, हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. वर उल्लेखिलेली 'केएमसॅन' आणि 'सिझकॉलर' ही साधनेदेखील एका बलाढ्य कंपनीतील अभियंत्यांनीच तयार करून सर्वांसाठी खुली केली. प्रश्न असा की, पगार कोणत्या कामाला मिळतो? कंपनीचे नवे उपकरण चालू करण्याच्या कामाला तो प्राधान्याने मिळतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या, मूळ उत्पादकाने टाकून दिलेल्या उपकरणाच्या प्रोग्राममधील तीन बाइटांची पोकळी पुसण्याला तो मिळेलच असे नाही.

याचा पुरावा कर्नेलमध्येच एका यादीच्या रूपाने ठेवलेला आहे. प्रत्येक विभागाची देखभाल कोण करतो त्याची ती यादी असून, तीत विभागांच्या प्रती ठरवल्या आहेत. ज्याची देखभाल करण्याबद्दल कोणाला तरी खरोखर वेतन मिळते, ती पहिली प्रत. ज्याची देखभाल कोणीतरी करते, ती दुसरी. ज्याला पालक आहे पण त्याला फारसा वेळ नाही, ती तिसरी. आणि ज्याला कोणीच नाही, ते अनाथ. हाच शब्द त्या यादीत वापरलेला आहे. ही प्रतवारी वाचताना एखाद्या तालुक्यातील आरोग्य-उपकेंद्रांची यादी वाचल्याचा भास होतो. दोष शोधणारे यंत्र अनाथ विभागातही दोष शोधते. तो दुरुस्त करणारा माणूस मात्र यंत्राला निर्माण करता येत नाही. म्हणजे शोधाचे यांत्रिकीकरण झाले आणि दुरुस्ती हातकामच राहिली. अशा स्थितीत तक्रारींचा ढीग वाढतो आणि तो उपसणारे मोजके लोक थकतात. कर्नेलच्या दीर्घकालीन आवृत्त्यांना सहा वर्षे दुरुस्त्या पुरवण्याची प्रथा आवरती घेऊन ती दोन वर्षांवर आणण्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. त्यामागे जुन्या आवृत्त्यांचा वापर कमी असणे आणि देखभाल करणाऱ्यांवरील ताण, ही कारणे सांगितली गेली.

दुर्लक्षाची किंमत यापूर्वीही मोजून झाली आहे. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सांकेतिक लिपीच्या ग्रंथालयात 'हार्टब्लीड' हा दोष आढळला. तो जातीने थोडा वेगळा. तेथे बफर न पुसण्याऐवजी त्याच्या हद्दीपलीकडचे वाचले जात होते. पण परिणाम तोच, मेमरीतील गुपिते बाहेर जाण्याचा. तेव्हा जगाला कळले की, ज्या प्रोग्रामवर बँकांचे आणि बाजारपेठांचे व्यवहार चालत होते, त्याला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर एवढ्याच देणग्या मिळत होत्या. त्यानंतर कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभारला. आग लागल्यावर विहीर खणण्याचाच तो प्रकार होता.

सर्वांत शेवटी येतो तो सामान्य वापरकर्ता. अँड्रॉइडच्या २०२० मधील अकराव्या आवृत्तीत मेमरी आपोआप कोरी करण्याची सोय मुळातच चालू ठेवण्यात आली. परंतु त्याआधीचा स्वस्त मोबाइल घेऊन बसलेल्या आणि उत्पादकाने दुरुस्त्या पाठवणे थांबवलेल्या माणसाला तिचा उपयोग काय? महाराष्ट्रातला भाजीवाला असो की गोव्यातला मासळी विकणारा, २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमुळे त्याचा गल्ला मोबाइलमध्ये गेला. त्याच्या आणि नवा महाग मोबाइल घेणाऱ्याच्या सुरक्षिततेत जे अंतर पडते, ते ज्ञानाच्या अभावाने पडलेले नाही. दुरुस्ती तयार असते. ती त्याच्यापर्यंत पोहोचवण्यात कोणाचा नफा नसतो, म्हणून ती पोहोचत नाही.

काय व्हायला हवे

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, सुरक्षित मार्ग हाच मूळ नियम असला पाहिजे, आणि वेगासाठी त्यातून सूट हवी असेल तर ती मागणाऱ्याने जबाबदारीसह घ्यावी. तात्पुरत्या चलपदांबाबत लिनक्सने हे तत्त्व स्वीकारलेच आहे. ते सर्व प्रकारच्या मेमरीला लागू व्हावे. डिसेंबर २०२२ पासून लिनक्समध्ये रस्ट या भाषेलाही प्रवेश मिळाला आहे. न भरलेले चलपद वाचू देण्यास तिचा कंपायलरच एरवी नकार देतो. नव्या प्रोग्रामांसाठी हे स्वागतार्ह आहे, पण सी भाषेतील जुन्या कोट्यवधी ओळी त्यामुळे नाहीशा होत नाहीत.

दुसरी गोष्ट कायद्याची. विकलेल्या वस्तूच्या दुरुस्तीची जबाबदारी विक्रेत्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. युरोपीय संघाचा सायबर-सुरक्षाविषयक कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू करण्याचे ठरले असून, उत्पादनाला साधारणतः किमान पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या पुरवण्याचे बंधन त्यात आहे. नफ्याविना मुक्त प्रोग्राम लिहिणाऱ्या स्वयंसेवकांवर मात्र तो हे ओझे टाकत नाही, हेही उचित झाले. भारतासारख्या प्रचंड बाजारपेठेने अशी अट घातली, तर ती मोडण्याची हिंमत कोणत्याही उत्पादकाला होणार नाही.

तिसरी गोष्ट सार्वजनिक गुंतवणुकीची. जर्मनीने २०२२ मध्ये सामायिक प्रोग्रामांच्या देखभालीसाठी सरकारी निधी उभारला. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त प्रोग्राम वापरण्याचे धोरण स्वीकारले. फुकट वापरण्याचे धोरण असावे आणि निगा राखण्याचे नसावे, हे सुसंगत नव्हे. पुण्यात मुख्यालय असलेली सी-डॅक ही सरकारी संस्था आहे. तिच्यातील आणि विद्यापीठांतील काही अभियंत्यांना कर्नेलमधील अनाथ विभागांची देखभाल हेच पूर्णवेळ काम म्हणून नेमून देणे अशक्य नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी अंतिम वर्षाचे प्रकल्प कपाटात धूळ खाण्यासाठी तयार करतात. त्याऐवजी एका खऱ्या दोषाची एक ओळीची खरी दुरुस्ती, तपासणाऱ्यांचे प्रश्न झेलत, त्यांनी तडीस नेली तर शिक्षणही होईल आणि लोकोपयोगही.

मात्र त्यासाठी एक जुना पूर्वग्रह सोडावा लागेल. बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर कोरले जाते, झाडणाऱ्याचे कोठेच नसते. या देशात तर स्वच्छतेचे काम जन्माने हीन ठरवलेल्यांवर लादून, त्या कामालाही हीन ठरवण्याचे पाप शतकानुशतके झाले. संगणकाच्या जगातही नवी सोय जोडणारा वाहवा मिळवतो, आणि सोळा बाइट पुसून ठेवणाऱ्याचे काम कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण ते नीट झाले की काहीच घडत नाही. काहीच न घडणे हेच ज्या कामाचे यश, त्याला बाजार भाव देत नाही. म्हणून तो भाव समाजाने ठरवला पाहिजे, आणि वेतनाच्या रूपाने चुकता केला पाहिजे.